मास्तरांचा सीडी प्लेअर आणि तीन डॅक : प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

सकाळीच आचऱ्याहून मास्तर आले. जुन्या लुंगीत गुंडाळलेला सीडी प्लेअर टेबलावर ठेवला. १९८९ साली त्यांच्या मेव्हण्याने मस्कतहून आणलेला. डिस्क घातली की ट्रे आत जातो, लेन्सचा हात एकदा डोलतो आणि पडद्यावर काहीच येत नाही. लेन्स पुसून बघितली, प्रीसेट (जुळवणीचा छोटा स्क्रू) जरा हलवून बघितला. लेझर गेलाय. हा मेकॅनिझम आता इथे कुणाकडे मिळायचा नाही, हे मास्तरांना आधीच सांगून टाकलं.

पण मास्तरांची खरी तक्रार वेगळीच. गेली दोन वर्षं ते डीव्हीडी प्लेअरवर सीडी लावतात. “ह्याचो आवाज पाणचट लागता रे. टाळ वाजतत की पत्रो वाजता, ताच कळना नाय.” मास्तर चाळीस वर्षं भजनात पेटी वाजवतात, डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, उभे राहिलेले आहेत. त्यांच्या कानाला मी हसणार नाही.

दुपारी झाकण उघडलं. आत टीडीए १५४१ए. फिलिप्सची १६ बिटची डॅक चिप (डॅक म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा व्होल्टेज करणारा), २८ पायांची. १५४१ आली १९८५ च्या सुमारास, ही तिची सुधारलेली आवृत्ती. हिच्यावर लोक अजून जीव टाकतात. डीव्हीडी प्लेअरमध्ये अर्थातच डेल्टा-सिग्मा, म्हणजे नव्या पद्धतीचा डॅक असणार, हल्ली सगळ्यांतच असतो. मास्तरांचं म्हणणं थोडक्यात असं झालं की जुन्या पद्धतीचा डॅक गोड आणि नवीन पाणचट. इंटरनेटवर हेच वाक्य हजार वेळा वाचलंय. स्वतः कधी तपासलेलं नाही.

ठरवलं : एका खोक्यात तीन डॅक बसवायचे, तिघांना एकाच वेळी एकच गाणं द्यायचं आणि बटणाने फिरवून ऐकायचं. एक मास्तरांची चिप. दुसरा आजचा स्वस्त डेल्टा-सिग्मा. तिसरा हाताने बांधलेला आर-टूआर, म्हणजे नुसत्या रेझिस्टन्सची शिडी. तिसरा माझ्या हौसेचा, मास्तरांनी मागितलेला नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

सामान. गाणी वाजवायला रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) आहेच घरात. त्याच्या हेडफोन भोकातून येणारा आवाज पीडब्ल्यूएमचा (सिग्नल झपाझप चालू-बंद करून काढलेला), तो हिशेबात धरायचा नाही. आपल्याला हवेत त्याच्या पिनांवरचे आयटूएसचे (चिपांमध्ये डिजिटल आवाज नेण्याची पद्धत) तीन धागे : बिट क्लॉक १८ नंबरच्या जीपीआयओवर, डावा-उजवा क्लॉक १९ वर, डेटा २१ वर.

डेल्टा-सिग्मासाठी पीसीएम ५१०२ए चे जांभळे बोर्ड दोन मागवले. एक मेला तर दुसरा. शिडीसाठी १० के, ०.१ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टन्स दीडशे, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मित्राने घेऊन एसटीने पार्सल पाठवायचे कबूल केलेत. साधे १ टक्क्याचे असते तर इथेच बाजारात मिळाले असते. हे एकेक नग वड्यापावाशी स्पर्धा करणारे.

टीडीए १५४१ए विकत घ्यायची नाही, हे लिहून ठेवतो. मुकुटाचा छाप असलेली निवडक चिप म्हणून जे ऑनलाइन विकतात त्यात छाप घासून पुन्हा मारलेला माल भरपूर. मागे एकदा घेतली होती. ॲसिटोनच्या बोळ्याने मुकुट पुसला गेला.

११ फेब्रुवारी, रविवार

दहावीतल्या लेकीने विचारलं, बाबा हे तीन वेगळे कसे? समजावता समजावता मलाच नीट समजलं, म्हणून उतरवून ठेवतो.

सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा एक आकडा असतो, ६५,५३६ पैकी एक. (४४,१०० हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपवरून आलाय. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत. एका ओळीत ३ सॅम्पल, एका फील्डमध्ये २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून बघा.) डॅकचं काम एवढंच की आकडा घ्यायचा आणि तेवढा व्होल्टेज द्यायचा.

आर-टूआर म्हणजे तराजू आणि मापं. किलो, अर्धा, पाव, आतपाव, छटाक : प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं. सोळा मापं असली की ६५,५३६ पैकी कुठलंही वजन जोखता येतं. अडचण मोठ्या मापाची. सगळी छोटी मापं उतरवून त्यांच्या जागी एकच मोठं ठेवायचा क्षण येतो तेव्हा मोठं माप जर जरासं खोटं असेल, तर काटा भलतीकडेच जातो. सोळा बिटांत सर्वात मोठ्या मापाची चूक ०.००१५ टक्क्यापेक्षा कमी हवी. माझे रेझिस्टन्स ०.१ टक्क्याचे. म्हणजे साठ-पासष्ट पट ढिले. त्यातून वाईट म्हणजे हा क्षण बरोब्बर शून्याशी येतो, मोठ्या आवाजात नाही. गाणं हळू झालं की चूक उघडी पडते.

टीडीए १५४१ए ची युक्ती आमच्या भावकीतल्या कलमांच्या बागेसारखी. वाटे कितीही मोजून केले तरी कुणाचं तरी झाड जास्त धरतं. मग करतात काय, वाटे दर वर्षी फिरवतात. आज माझ्याकडे, पुढल्या वर्षी तुझ्याकडे. चार-पाच वर्षांनी सगळ्यांचं पारडं सारखं. फिलिप्समध्ये रुडी व्हॅन डी प्लाशे यांनी करंटचे वाटे असेच झपाझप अदलाबदल करायची पद्धत काढली. डायनॅमिक एलिमेंट मॅचिंग म्हणतात. अदलाबदलीचा खरखराट गाळायला चिपच्या बाहेर १४ कंडेन्सर लागतात, प्रत्येक बाजूला सात.

डेल्टा-सिग्मा म्हणजे सुटे पैसे नसलेला वाणी. बिल होतं चाळीस पैशांनी वर, तो पूर्ण रुपया घेतो, आणि चाळीस-साठचा फरक पुढच्या बिलात वळता करतो. एकेक बिल बघाल तर प्रत्येक चुकलेलं. महिन्याचा हिशेब काढा, पैशाला पैसा जुळतो. चिपमध्ये मोजकीच ढोबळ मापं असतात, पण ती सेकंदाला लाखो वेळा वापरतात आणि दर वेळची चूक पुढे ढकलतात. चूक नाहीशी होत नाही, ती वरच्या फ्रिक्वेन्सीत ढकलली जाते, जिथे कानाला पोच नाही. तिथून फिल्टरने गाळायची.

लेक म्हणाली, म्हणजे हा वाणी तिघांत प्रामाणिक. मी म्हटलं महिन्याच्या शेवटी.

१८ फेब्रुवारी, रविवार

जांभळा बोर्ड आला. अर्ध्या तासात लागला, पण त्यातला वीस मिनिटं मुका होता. मागच्या बाजूचे चार जंपर विक्रेत्याने उघडेच सोडलेले. एक्सएसएमटी पिन (आवाज बंद-चालू करणारी) हाय केल्याशिवाय चिप तोंड उघडत नाही. एससीके पिन ग्राउंडला टाकली, म्हणजे मास्टर क्लॉक नसला तरी चिप आतल्या पीएलएलवर स्वतःचा क्लॉक बनवते. बाकी काहीच नाही. बाहेर २.१ व्होल्ट, तोही ग्राउंडभोवती सारखा, कारण निगेटिव्ह सप्लाय चिप स्वतःच पंपाने तयार करते. आउटपुटला कंडेन्सरसुद्धा नको. इतकं सोपं की लिहायला काही उरलं नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

रेझिस्टन्स जुळवणी. एका चॅनेलला १५ आर आणि १७ टूआर लागतात. टूआर म्हणजे दोन नग सिरीजमध्ये. एकूण ४९, दोन्ही चॅनेलला ९८. दीडशे नग एकेक करून मोजले. मीटरचा आकडा खरा आहे की नाही याची फिकीर नाही, ते एकमेकांसारखे असले पुरे. पंखा बंद, खिडकी बंद, आणि नग बोटांनी धरायचा नाही, कारण बोटाच्या उबेने शेवटचा आकडा सरकतो. फेब्रुवारीतही घामाघूम. मोठ्या बिटांना सर्वात जुळणारे, शेपटीला उरलेले.

मध्येच लाईट गेली. कुठला कप्पा कुठपर्यंत मोजला ते विसरलो. पुन्हा पहिल्यापासून.

५ मार्च, मंगळवार

जत्रेच्या दिवसांत दुकानात ॲम्प्लिफायर आणि भोंग्यांची रांग, त्यामुळे आठवडा गेला. आज शिडी बोलली. बोलली म्हणजे ओरडली.

रचना : चार ७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टर (एकेक बिट आत ढकलत साठवणाऱ्या चिपा) एकामागून एक, म्हणजे ३२ बिटांची साखळी. डावे १६, उजवे १६. पायची फ्रेम (डाव्या-उजव्या सॅम्पलची एक खेप) ३२ क्लॉकचीच ठेवलीय. साखळी भरली की लॅच करायचं, म्हणजे सगळे बिट एकदम बाहेर द्यायचे, आणि रजिस्टरच्या पायांनी शिडीच्या पायऱ्या वर-खाली ओढायच्या. मी डावा-उजवा क्लॉक उलटा करून थेट लॅचला दिला. गाणं लावलं तर पत्र्यावर वळवाचा पाऊस. पावसामागे कुठेतरी पखवाज.

दोन तास सोल्डर तपासत बसलो. सोल्डर चांगला होता. चूक डोक्यात होती : आयटूएसमध्ये डावा-उजवा क्लॉक एक बिट आधी बदलतो, शेवटचा बिट आत यायच्या आधी. म्हणजे मी साखळी एक घर अलीकडेच थांबवत होतो आणि डावीकडच्या सर्वात मोठ्या मापाच्या जागी आधीच्या सॅम्पलचा सर्वात छोटा बिट, म्हणजे निव्वळ खडखडाट, येऊन बसत होता. एक ७४एचसी७४ फ्लिपफ्लॉप (सिग्नल एक ठोका धरून ठेवणारी चिप) घातला. क्लॉकची कड एक घर पुढे सरकली, आणि त्याचं उलटं आउटपुट लॅचला दिल्यामुळे वेगळा इन्व्हर्टरही वाचला.

पाऊस थांबला, पण फाटका आवाज राहिला. हे मात्र लगेच लक्षात आलं. सीडीचे आकडे उणे-अधिक असतात, शिडीला फक्त अधिक कळतं. उणे एक म्हणजे सोळाही बिट एक. शून्यावरून उणे एकवर जाताना शिडी तळातून थेट माळ्यावर उडी मारत होती. सर्वात मोठा बिट उलटा केला. रात्री पावणेबारा. भजन स्वच्छ. घरची म्हणाली, आता तरी जेवा.

१० मार्च, रविवार

शिडी मोजली. लॅपटॉपला जोडलेल्या यूएसबी साउंड इंटरफेसवर, १ किलोहर्ट्झचा पूर्ण ताकदीचा सूर. विकृती आणि गोंगाट मिळून सुमारे उणे ६६ डीबी (उणे आकडा जितका मोठा तितका आवाज स्वच्छ). जांभळ्या बोर्डाचे, त्याच तारा, तेच टेबल : उणे ९१. पंचवीस डीबीचा फरक, आणि तोही दीडशे नग मोजून घाम गाळल्यावर.

रेझिस्टन्स एकटे दोषी नाहीत. ५९५ च्या पायाचा स्वतःचा रेझिस्टन्स काही दहा ओहम असतो, वर ओढताना एक आणि खाली ओढताना दुसरा. वीस के च्या पायरीत चाळीस ओहम म्हणजे ०.२ टक्का. मी ०.१ टक्क्याचे नग वेचत बसलो आणि त्यांच्या तोंडाशीच त्याच्या दुप्पट चूक लावून ठेवली. विकत मिळणारे चांगले शिडी-डॅक हे जाणतात. बर-ब्राउनच्या पीसीएम १७०४ मध्ये उणे आणि अधिकसाठी दोन वेगवेगळ्या शिड्या होत्या, म्हणजे शून्याशी मोठं माप बदलायचा प्रसंगच नको. ती चिप बंद झालीय. माझ्या टेबलावर ते करायचं म्हटलं तर पुढला शिमगा येईल.

सूर उणे ६० डीबीवर नेला तेव्हा पडद्यावर सुराच्या दोन्ही बाजूंना जंगल उगवलं.

१७ मार्च, रविवार

मास्तरांची चिप काढली. काढताना हात थरथरला हे मान्य करतो. प्लेअरच्या पीसीबीवर खाऱ्या हवेने तांब्याला हिरवा मुलामा चढलेला, आउटपुटच्या आरसीए सॉकेटला तर शेवाळ म्हणावं असा. समुद्रापासून घर अर्ध्या किलोमीटरवर. पस्तीस वर्षं टिकला हेच खूप.

हिला तीन सप्लाय लागतात : अधिक ५, उणे ५, उणे १५. ट्रान्सफॉर्मर प्लेअरमधलाच वापरला. चिप करंट देते, पूर्ण ताकदीला ४ मिलिॲम्पियर. एनई५५३४ या ॲम्प्लिफायर चिपला १.५ के चा फीडबॅक दिला की टोकापासून टोकापर्यंत ६ व्होल्ट, म्हणजे मीटरवर २.१ व्होल्ट आरएमएस. पायचे ३.३ व्होल्टचे सिग्नल तिला चालतात. पहिल्याच झटक्याला वाजली. चिपवर बोट ठेवलं तर चांगली कोमट. तिचा स्वभावच तो.

२६ मार्च, मंगळवार

शिमग्याची पालखी काल दारात येऊन गेली, आज दुकान बंद, म्हणून मोजमाप.

डावी बाजू उणे ८८. उजवी उणे ७४. एकाच चिपच्या दोन बाजूंत एवढा फरक? चिप मेली असा निष्कर्ष काढून चहा पीत बसलो होतो. मग ते १४ कंडेन्सर आठवले. जुन्या बोर्डावरचेच उचलून लावले होते, मूळचं ते मूळचं म्हणून. उजव्या बाजूच्या एकाचा पाय मुळाशी हिरवा पडून आतून तुटलेला, वरून सरळ उभा. वाटे फिरत होते, पण एका वाट्याचा हिशेब कुणी सारखा करतच नव्हतं. चौदाही नवीन फिल्म कंडेन्सर लावले. उजवी उणे ८७.

म्हणजे हा प्लेअर शेवटची काही वर्षं बिघडलेल्या उजव्या बाजूनेच वाजत असू शकेल, आणि मास्तरांना तोच गोड लागत होता. हे त्यांना सांगायचं की नाही ते ठरलेलं नाही.

आणखी एक दिसलं. सुराच्या पायथ्याशी दोन्हीकडे किंचित पसारा आहे. पायचा क्लॉक. पायच्या पाटीवरचा स्फटिक १९.२ मेगाहर्ट्झचा. आपल्याला हवेत सेकंदाला १४,११,२०० बिट. भागून बघितलं तर १३.६ च्या आसपास, पूर्णांक नाही. मग तो कधी १३ ठोके मोजतो, कधी १४. ऐकून कळतो का? मला तरी नाही. लिहून ठेवलं, पुढे गेलो.

९ एप्रिल, मंगळवार, पाडवा

तीन डॅक, तीन रिले, एक खोकं. गुढी उभारून झाल्यावर पहिलं ऐकणं, उघड्या डोळ्यांनी.

आधी पातळी जुळवली, कारण मोठा आवाज नेहमीच बरा वाटतो आणि अर्धा डीबी मोठा असला तर तो मोठा न वाटता फक्त “बरा” वाटतो. इथेच बहुतेक तुलना मातीत जातात. शिडी ५ व्होल्टवर चालते, म्हणजे १.७७ व्होल्ट आरएमएस, बाकीच्या दोघांपेक्षा दीड डीबी हळू. तिघांनाही मल्टिटर्न प्रीसेट लावून १.७० वर आणलं. सूर ४०० हर्ट्झचा घेतला, कारण साध्या मीटरच्या एसीवर वरच्या फ्रिक्वेन्सीचा भरवसा नाही.

मास्तरांच्या मंडळाची १९९० च्या दशकात मुंबईत रेकॉर्ड केलेली सीडी उतरवून घेतलीय. टीडीएवर टाळ मऊ. जांभळ्यावर धारदार. फरक चक्क ऐकू आला! मास्तर नव्हते, नाहीतर उठून उभे राहिले असते.

मग रात्री अंथरुणात डोक्यात प्रकाश पडला. मास्तरांच्या प्लेअरमध्ये या चिपच्या आधी एसएए ७२२० नावाची दुसरी चिप होती, जी ४४.१ ची सॅम्पल चौपट करून १७६.४ किलोहर्ट्झवर देत असे. मी ती घेतलीच नाही. माझी टीडीए थेट ४४.१ वर वाजतेय, नॉन-ओव्हरसॅम्पलिंग. असं केलं की सॅम्पलच्या पायऱ्यांमुळेच वरची बाजू झुकते : १० किलोहर्ट्झला पाऊण डीबी, २० ला तीनाच्या वर. टाळ मऊ होणारच. जांभळ्या चिपच्या पोटात ओव्हरसॅम्पलिंगचा फिल्टर आधीपासून आहे. म्हणजे आज मी दोन डॅकची नाही, फिल्टर असण्या-नसण्याची तुलना ऐकली. वर हा मऊपणा मास्तरांनी कधी ऐकलेलाच नव्हता.

१४ एप्रिल, रविवार

७२२० चं काम पायवर टाकलं. सगळी गाणी आधीच १७६.४ वर बदलून कार्डात ठेवली. बिट क्लॉक ५.६४ मेगाहर्ट्झ होतो, टीडीएची मर्यादा ६.४. ३२ क्लॉकची फ्रेम ठेवली होती म्हणून निभावलं, ६४ ची असती तर गाडी तिथेच थांबली असती. आता २० किलोहर्ट्झला झुकाव ०.२ डीबीच्या आत, तिघांचाही.

ही ओव्हरसॅम्पलिंगची चलाखी काही नंतरची नव्हे. सोनीचा पहिला सीडी प्लेअर ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात आला तो १६ बिटचा. फिलिप्सकडे तेव्हा १४ बिटचीच चिप होती, टीडीए १५४०. त्यांनी सॅम्पल चौपट केली, चूक पुढे ढकलली आणि १४ बिटांतून जवळपास १६ चं काम काढलं. म्हणजे चुकीची उधारी चालवणारा वाणी “जुन्या गोड” पद्धतीच्या घरातच जन्मला होता. हे वाचल्यापासून मल्टिबिट विरुद्ध डेल्टा-सिग्मा या भांडणातली माझी मजा गेली.

आज पुन्हा ऐकलं. टीडीए आणि जांभळा : मी डोळे उघडे ठेवूनही सांगू शकत नाही.

२१ एप्रिल, रविवार

मास्तर आले. आंधळी चाचणी. लेक पडद्यामागे, नाणं उडवून रिले फिरवते. आधी अ आणि ब ओळखीने ऐकायचे, मग क कोणता ते सांगायचं. सोळा फेऱ्या. नाणं उडवूनही आठ बरोबर येतातच. सोळात बारा आले तर नशिबाने होण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास, म्हणून बाराच्या खाली मानायचं नाही असं आधीच ठरवून भिंतीवर लिहिलं. निकालानंतर नियम बदलायचा मोह मला होतो, मास्तरांना नाही.

टीडीए विरुद्ध जांभळा. मास्तर डोळे मिटून बसले. “थांब, परत लाव.” सोळात नऊ. मी आठ. लेक दहा.

शिडी विरुद्ध जांभळा. अभंगाचा शेवट, जिथे पेटीचा सूर विरत जातो, तोच तुकडा पुन्हा पुन्हा. मास्तर दहा, मी अकरा, लेक चौदा. तिला विचारलं कसं ओळखलंस, म्हणाली सूर संपताना खाली वाळू घासल्यासारखी येते. शून्याजवळचं मोठं माप. पडद्यावर दिसलेलं जंगल तिला ऐकू आलं.

मग मुद्दाम टीडीए ४४.१ वर, फिल्टरशिवाय, जांभळ्याविरुद्ध, टाळांचा गजर. लेक तेरा. मास्तर सात. अडुसष्टाव्या वर्षी वरची फ्रिक्वेन्सी कानात शिरतच नाही, त्यात कुणाचा दोष नाही. माझी नऊ, आणि मी पंचेचाळीसचा.

मास्तरांनी कागद बघितला, चष्मा काढला. “मगे माका दोन वर्सां पाणचट लागता ता खोटा?”

खोटं कसं म्हणू? दोन वर्षं रोज ऐकतायत. म्हटलं, पुढल्या रविवारी तुमच्याकडे येतो.

२८ एप्रिल, रविवार

आचरा. सोबत मीटर आणि ४०० हर्ट्झचा सूर भरलेली सीडी.

डीव्हीडी प्लेअरचा आउटपुट : १.१२ व्होल्ट. जुना प्लेअर २.१ देणारा. साडेपाच डीबीचा खड्डा. शिवाय डाव्या आरसीए पिनेवर तीच हिरवाई, वायर हलवली की आवाज येतो-जातो. घासून साफ केली.

मग ॲम्प्लिफायरकडे बघितलं. बेस मध्यावर. ट्रेबल पूर्ण उजवीकडे, शेवटाला टेकलेला.

“हो कधी फिरवलात?”

मास्तर जरा थांबले. “डीव्हीडी हाडली तेवा. आवाज पाणचट लागलो म्हणान थोडो वाढवलंय.” मग थोडा अजून. मग अजून. आवाज हळू, म्हणून फिका, म्हणून ट्रेबल, म्हणून टाळांचा पत्रा. मी ट्रेबल मध्यावर आणला, व्हॉल्यूम वाढवला. तोच डीव्हीडी प्लेअर, तीच सीडी. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या : “जुनो प्लेअर जमलो काय?”

मास्तर काही बोलले नाहीत. संपूर्ण अभंग ऐकला.

जांभळा बोर्ड लावून देतो, स्वस्त, थंड, बिघडायला काही नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. “माजी चिप हा ना बरी? तीच बसव.” सोळात नऊचा कागद त्यांच्या खिशात होता. तरीही. मी वाद घातला नाही. मेव्हणा आता नाही, हे मला वहिनींनी मागाहून सांगितलं.

५ मे, रविवार

जुन्या प्लेअरचं खोकं रिकामं करून त्यातच सगळं बसवलं : पाय, टीडीए, नवे कंडेन्सर, मूळचा ट्रान्सफॉर्मर. पुढची बटणं पायला जोडली, प्ले दाबलं की वाजतं. डिस्कचा ट्रे तसाच, शोभेला. मास्तरांच्या एकशे बारा सीडी कार्डात उतरवल्या, त्याला चार रात्री गेल्या.

दुसरा जांभळा बोर्डही आत एका कोपऱ्यात लावून ठेवलाय, तारा जोडलेल्या, आउटपुटला मागे छोटा स्विच. टीडीए कधी गेली तर नवी अस्सल मिळणार नाही. मास्तरांना सांगितलंय. ते म्हणाले, तो स्विच चुकून लागणार नाही असं कर. आत ढकलून बसवला, पेनाच्या टोकानेच फिरतो.

शिडी माझ्या कपाटात. लेक म्हणते ५९५ च्या पायाच्या रेझिस्टन्सएवढी वजावट पायरीतून करून बघू. म्हणजे पुन्हा दीडशे नग मोजणं आलं.

१९ मे, रविवार

पावसाआधीची कामं. पीसीबीला दोन्ही बाजूंनी वार्निशचा फवारा, सॉकेटना टेप लावून. आरसीए सॉकेट सोन्याचा मुलामा असलेले बसवले. मुलामा नावापुरताच असतो, पण नुसत्या निकेलपेक्षा बरा. सिलिका जेलच्या पुड्या नाही टाकल्या, आमच्या जून-जुलैत त्या आठवड्यात पाणी पिऊन बसतात आणि मग उलट ओल धरून ठेवतात. त्यापेक्षा वहिनींना सांगितलं, पावसाळाभर प्लेअर चालूच ठेवा. टीडीए कोमट राहते, ती ऊब ओलीला बाहेर ठेवेल. जांभळ्याने हे काम केलं नसतं, हा एक गुण चिपच्या नावावर लिहायला हरकत नाही.

संध्याकाळी बसवून दिलं. दोन्ही बाजू २.१ व्होल्ट, घरघर नाही. मास्तरांनी आपल्या मंडळाची सीडी लावली आणि तिसऱ्या अभंगाला पेटी ओढून सोबत वाजवायला लागले.

निघताना बघितलं. ॲम्प्लिफायरच्या ट्रेबलच्या बटणावर मध्यावर चिकटपट्टी लावलेली होती, वर मास्तरांच्या वळणदार अक्षरात : हात लावू नये.